खांबासमोर बसलेली डेझी

“कीर्तनाला कुत्रं बसलं तर चालेल का?”

मला बघायला आलेल्या माणसानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याआधी तो दादांच्या पाया पडला होता, पन्हं प्याला होता आणि बराच वेळ देवळाच्या ओवरीच्या छताकडे बघत बसला होता. मी चिपळ्यांची सैल झालेली घुंगरं आवळत होते. हात तसाच ठेवून मी वर पाहिलं.

“कुणाचं कुत्रं?”

“माझं. म्हणजे सरकारचं होतं, आता माझं. डेझी तिचं नाव. फौजेत माझ्याच हाताखाली होती. दारूगोळा हुंगून काढायची. आता दोघंही निवृत्त.”

“मधेच भुंकली तर?”

“ती भुंकत नाही. चुकूनसुद्धा नाही.”

“मग आणा की. आमच्या कीर्तनाला अशी माणसंसुद्धा मिळत नाहीत.”

तो हसला. कोपऱ्यात पेटीचा भाता पुसत बसलेले दादा, म्हणजे माझे वडील वामनबुवा, खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले.

ती वैशाखातली खांबवाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमचं घर वाईचं, घराण्यात तीन पिढ्या कीर्तन. खांबवाडीच्या नरसिंह जयंतीला जन्माचं कीर्तन दादांचंच ठरलेलं. पण त्या वर्षी त्यांना दमा असा धरला, की एक श्लोक म्हणून झाला की दुसऱ्याला श्वास उरेना. म्हणून ते कीर्तन माझ्याकडे आलं. गावात आजवर ते बाईनं केलेलं नव्हतं. देवस्थानचे पंच नाना जगदाळे यांनी दादांना तोंडावरच सांगितलं होतं, “बुवा, तुमच्या शब्दाखातर पोरीला देतोय. पण जन्माचं कीर्तन मधे मोडलं की गावाला वर्षभर घोर लागतो. मोडता कामा नये. मोडलं, तर परत बाईमाणसाचं नाव काढायचं नाही.”

आणि त्याच गावचा हा निवृत्त हवालदार, दिगंबर शेलार. मध्यस्थानं दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायची असं ठरवलं होतं: संध्याकाळी कीर्तन, त्याआधी बघण्याचा कार्यक्रम.

दिगंबरची आई, आक्का, तेवढ्यात दवण्याची जुडी घेऊन ओवरीत आल्या. उंच, ताठ, कपाळावर गोंदण, आवाज सगळ्या शिवाराला पुरेल असा.

“दिगंबरा, ते कुत्रं देवळात आणशील तर बघ. आणि तू ग बाय, गुणाची दिसतीस. मला पसंत आहेस. पण एक आत्ताच सांगते, मागनं कुरबूर नको. लग्नानंतर चार लोकांत उभं राहून हातवारे करायचे नाहीत. आजचं काय ते मनासारखं करून घे.”

हे मला नवीन नव्हतं. आधीची तीन स्थळं ह्याच वाक्यावर अडली होती. एकाची नोकरीत बदली व्हायची होती, एकाच्या आईला लोक काय म्हणतील वाटत होतं, एकाला कारणच सांगता आलं नव्हतं. मी दिगंबरकडे पाहिलं. तो पुन्हा छताकडे बघत होता. मी म्हटलं, झालं, हे चौथं.

दादा म्हणाले, “आक्का, आधी ऐका. मग बोलू.”

खांबवाडीचा जन्म बघण्यासारखा असायचा. सभामंडपात एक लाकडी चौथरा मांडत, चारी बाजूंनी त्याला लाल कापडाची झालर. त्यावर बांबूच्या कामट्या आणि कागदाचा खांब उभा करत, थेट दगडी वाटावा असा रंगवून. खांबाच्या आत बंडू सुतार सिंहाचा मुखवटा चढवून आधीपासूनच दडून बसे. खांबाच्या टोकाला पणतीत चिमूटभर शोभेची दारू. सूर्य टेकला, कीर्तनकारानं हिरण्यकश्यपूची लाथ खांबावर मारली, की नानांनी काकड्यानं पणती पेटवायची. फुस्स करून लखलखाट होई, कागद टराटरा फाटे आणि बंडू डरकाळी फोडत बाहेर पडे. बायाबापड्या हात जोडून रडत. मला लहानपणी त्या बंडूची इतकी भीती वाटायची, की मी दादांच्या उपरण्यात शिरायची.

ऊन कलल्यावर मी नऊवारीचा पदर खोचून उभी राहिले. आमचं कीर्तन नारदीय, पण खांबवाडीचे टाळकरी मागे रांगेत उभे राहिल्याशिवाय तिथल्या लोकांना ते कीर्तनच वाटत नाही. देऊळ गच्च भरलं होतं. माझ्या उजव्या हाताला खांब, डावीकडे दादा पेटीवर. आक्का पहिल्याच रांगेत, मांडी ठोकून, पोरीची परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या. पूर्वरंग ठीक झाला. एक तान जरा चुकली, पण दादांनी पेटीत झाकून घेतली. मग आख्यान सुरू केलं आणि धृपद धरलं: धाव नरहरी, धाव नरहरी.

प्रल्हादाला कड्यावरून लोटला होता मी, तेवढ्यात ती आली.

काळी, तोंडाशी पांढरी झालेली, चालताना मागचा एक पाय किंचित ओढणारी. दिगंबरनं तिला बाहेर चपलांपाशी बसवलं असावं, कारण गळ्यातली दोरी फरफटत होती. माणसांच्या मांड्यांमधून, कुणालाही धक्का न लावता, ती सरळ चौथऱ्यापर्यंत आली. झालरीला नाक लावलं. मग खांबासमोर खाली बसली. नीट, पाठ ताठ करून. नजर चौथऱ्यावर खिळलेली.

“अगं बाई,” कुणीतरी म्हणालं, “खांबापुढं बसली बघ!”

कीर्तनकाराला एवढं पुरतं. आयतं आलेलं सोडेल तो हरदास कसला? मी चिपळ्या थांबवल्या आणि म्हटलं, “मंडळी, हिरण्यकश्यपू केवढा शहाणा! पण त्याला खांबात देव दिसला नाही. आणि ह्या मुक्या लेकराला बघा. कुणी सांगितलं तिला, आत कोण आहे ते?”

मंडपात असा हरिनामाचा गजर उठला की विचारता सोय नाही. मागची माणसं पुढे सरकली. बायका उठून तिला कुंकू लावायला लागल्या. एकीनं स्वतःच्या वेणीतला गजरा काढून तिच्या गळ्यात घातला. आणि कुत्र्याला देवळात पाय ठेवू द्यायचा नाही म्हणणाऱ्या आक्का सगळ्यांत आधी पुढे झाल्या. “आमची आहे ती! आमची डेझी!” असं शेजारणीला सांगत त्यांनी तिच्या कपाळावर बोटभर बुक्का ओढला. डेझीनं नाकावरचा बुक्का शिंकरून टाकला. पण ती जागची हलली नाही.

दिगंबर माणसं ओलांडत येत होता. चौथऱ्यापाशी येऊन तो हळूच म्हणाला, “डेझी, चल.” ती आली नाही. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चौथऱ्याकडे बघितलं. दिगंबरच्या चेहऱ्यावरचं सगळं लाजाळूपण एका क्षणात पुसलं गेलं.

तो नानांच्या कानाशी लागला. नाना मोठ्यानं हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खांबाच्या टोकावरच्या पणतीकडे बोट दाखवलं. मला ऐकू आलं ते एवढंच: “दरवर्षीची हाय रं ती! नाक चांगलं हाय हिचं!” दिगंबरनं वर पणतीकडे पाहिलं, खाली डेझीच्या नाकाकडे पाहिलं. डेझी वर बघतच नव्हती. मग फुलं गोळा करायचं निमित्त करून तो गुडघ्यावर बसला, झालर बोटभर उचलली आणि आत बघून तशीच खाली सोडली. फार हळू सोडली.

मी आख्यान पुढे ओढत होते, पण डोळा त्याच्यावरच होता. तो उठला, माझ्या मागे गेला, एका टाळकऱ्याच्या हातातले टाळ काढून घेतले आणि रांगेत उभा राहिला. मी धृपद दिलं: धाव नरहरी, धाव नरहरी.

मागून जो आवाज आला, तो मी जन्मात विसरणार नाही. इतका बेसूर! पेटी एकीकडे, हा दुसरीकडे. टाळ लयीच्या मागे लंगडत येत होता. माझ्या कपाळात तिडीक गेली. म्हटलं, ह्याची आई कीर्तन सोडायला सांगते आणि हा आत्ताच बंद पाडतो. मी वळून डोळे वटारले.

तो माझ्याकडेच बघत होता, आणि गातच होता.

“चला बाहेरी, चला बाहेरी… खांबाखाली, सुरुंग भारी… ओरडू नका हो, दार एकचि… गाव घेउनी, चला बाहेरी…”

शेजारचे टाळकरी आपल्याच नादात धाव नरहरी म्हणत होते. त्याचे शब्द फक्त मला आणि दादांना ऐकू येत होते. दादांची बोटं पेटीवर क्षणभर अडखळली. मग त्यांनी सूर चढवला, पेटी उचलून पट्टा गळ्यात अडकवला आणि उभे राहिले. दम्याचा माणूस! नुसती दाराकडे मान हलवली.

देवळाला दार एकच, तेही वाकून जायचं. समोर म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. एक शब्द वावगा गेला असता तर सुरुंगापेक्षा त्या दारानंच जास्त माणसं घेतली असती. आणि नानांच्या हातात काकडा पेटलेला.

मी गाण्यातच आख्यान उचललं.

“पिता विचारतो, कुठे आहे तुझा देव? ह्या खांबात आहे का? आणि प्रल्हाद काय सांगतो मंडळी? बाबा, ह्या एका खांबाचं काय घेऊन बसलात! बाहेर चला. पिंपळात आहे, पाण्यात आहे, खळ्यावरच्या मातीत आहे. चला, दाखवतो!”

आणि चिपळ्या वाजवत मी चालायला लागले.

कीर्तनकार नाम घेत चालू लागला, की माणूस आपोआप उठतो. पुढच्या उठल्या, मागच्या वळल्या. दादा पेटी वाजवत दाराशी उभे राहून एकेकाला वाट देत होते. फक्त नाना जागचे हलेनात.

“अवो बाई! खांब हितं हाय! कुठं निघालाव?”

“नाना,” मी चालीतच म्हटलं, “हिरण्यकश्यपूसारखं एकाच खांबाला धरून बसू नका! काकडा घ्या आणि पुढे व्हा, देवाला उजेड दाखवा!”

सगळा मंडप हसला. चारचौघांत हिरण्यकश्यपू म्हणवून घ्यायची नानांची तयारी नव्हती. काकडा उंच धरून ते तरातरा सगळ्यांच्या पुढे निघाले. आग बाहेर गेली.

मी खांबाजवळून गेले तेव्हा दिगंबर डेझीची दोरी हातात घेऊन उभा होता.

“तुम्ही?” मी ओठांतल्या ओठांत विचारलं.

“बंडू आत आहे,” तो म्हणाला. “मागे बघू नका. म्हणत राहा.”

देवळासमोरच्या रस्त्यापलीकडे मोठं खळं होतं. तिथं, देवळापासून होता होईल तितक्या लांब, मी गाव बसवलं, तोंडं देवळाच्या दाराकडे. समया नाहीत, मंडप नाही, दादा एका दगडावर बसून धापा टाकत पेटी वाजवताहेत. आणि मी म्हणत राहिले. काय म्हणत होते ते देवाला ठाऊक. माझे कान देवळात होते. कुठलाही मोठा आवाज येऊ नये, एवढीच माझी त्या वेळची प्रार्थना. आयुष्यात एवढी मनापासून मी दुसरी कुठली केली नसेल. ज्या माणसाचं नाव सकाळपर्यंत मला धड पाठ नव्हतं, त्याच्यासाठी.

सूर्य डोंगराला टेकला. दारातून कुणी येईना.

“माझा दिगंबर कुठं दिसत न्हाई?” आक्का मोठ्यानं म्हणाल्या.

काय सांगणार होते मी त्यांना? मी आख्यानात कयाधूला आणलं, प्रल्हादाच्या आईला. आत पोरगं एकटं आहे, आत आग आहे, विष आहे, आणि आई बाहेर उभी आहे. दादांनी शिकवलेल्या आख्यानात हे नव्हतं. मी उभ्या उभ्या जोडत होते आणि माझाच आवाज कापत होता. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, पोरगी काय रंगवते!

“बाई,” नाना कुजबुजले, “येळ झाली. सूर्य गेला. जन्म कवा व्हायचा? मोडलं म्हणायचं का कीर्तन?”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

तेवढ्यात देवळाच्या दारातून अशी किंकाळी आली, की खळ्यावरच्या सगळ्या पोरांनी आयांना मिठ्या मारल्या.

दारात बंडू होता. सिंहाचा मुखवटा वाकडा झालेला, आयाळ विस्कटलेली, कमरेभोवती फाटलेला खांब घागऱ्यासारखा लोंबतोय. जिवाच्या आकांतानं पळत आला होता बिचारा, आणि कामट्यांचं कडं दाराच्या चौकटीत अडकलं. त्याला धड बाहेर येता येईना, धड आत जाता येईना. उंबरठ्यावर पाय आपटत तो नुसता गर्जत होता.

मी बघत राहिले, आणि मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“मंडळी!” मी ओरडले, “बघा! ना घरात, ना बाहेर! ना दिवस, ना रात्र! देव उंबरठ्यावर आला!”

खळं उसळलं. फुलं, गुलाल, टाळ, शिट्ट्या, काय विचारता! नाना काकडा खाली ठेवून भुईवर आडवे पडले. म्हातारी माणसं रडत होती. इतक्या वर्षांत देव खांबातून निघायचा, पण पुराणात सांगितल्या जागी तो त्याच वर्षी आला.

मागून दोन हातांनी बंडूला ढकललं. कडं मोडलं, नरसिंह रस्त्यावर पालथा पडला, आणि त्याच्या मागून दिगंबर आणि डेझी बाहेर आले. डेझीच्या गळ्यात अजून गजरा होता.

पुढचं त्यानं नानांना हळू आवाजात सांगितलं. पणती आधी अलगद उतरवून पाण्यात बुडवली, समया विझवल्या, मग चाकूनं खांबाची पाठ कापून बंडूला काढला. बंडूला आतून काही ऐकू येत नव्हतं. चाकू दिसल्यावर त्याला वाटलं, दिगंबरचं डोकं फिरलं. म्हणून ती किंकाळी. “गाठोड्याला मी हात लावलेला नाही,” दिगंबर म्हणाला. “शोधायचं आमचं काम, सापडलं की डेझी अशी समोर बसते. काढणारे येतील. ठाण्याला फोन केलाय. तोवर त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.”

“पर कसलं गाठोडं?” नानांचा चेहरा पांढराफटक.

“सुरुंगाच्या कांड्या आहेत. पेटवायच्या केपांसकट. लाल फडक्यात बांधलेल्या, वर हळदकुंकू.”

“लाल फडक्यात?” आक्का मधेच म्हणाल्या. “गाठीला सुपारी?”

दिगंबर वळला. “आई?”

“अरं, ते माझं हाय.”

नानांनी कपाळाला हात लावला.

“विहीर खणायला घेतलीया न्हवं आपण,” आक्कांचा तो शिवारभर जाणारा आवाज आता आमच्यापुरताही उरला नव्हता. “पयली पहार, पयलं घमेलं देवाच्या पायाशी ठिवूनच काम सुरू करतात. मग म्हटलं, पयला सुरुंगबी देवाच्या पायाशी असू द्यावा. पाणी लागंल. त्या विहीरवाल्यानं दिलं बांधून. मीच काल सरकवलं चौथऱ्याखाली. देवापाशी कशाला काय हुतंय?”

“आई, देवापाशी नाना काकडा घेऊन उभे होते!”

आधी नाना हसले. मग बंडू, मुखवटा काखेत घेऊन. मग सगळं खळं हसलं, आणि आक्का तोंडाला पदर लावून स्वतःही. पुढे पोलिसांनी त्या विहीरवाल्याची चांगलीच हजेरी घेतली, आणि आक्कांनाही चार शब्द सुनावले. ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच निमूटपणे ऐकून घेतले.

गलका जरा निवल्यावर मी दिगंबरला गाठलं. तो डेझीला ओंजळीतून पाणी पाजत होता.

“दार एकच होतं, हे मला कळलं,” मी म्हटलं. “पण मला खूण करायची. मी थांबले असते.”

“थांबला असता, म्हणूनच नाही केली.” तो पाण्याकडे बघतच बोलत होता. “नाना तुमच्या वडिलांना काय म्हणाले होते, ते मी ऐकलं होतं ओवरीत. मोडलं असतं तर पुन्हा मिळालं नसतं तुम्हाला. म्हटलं, न मोडता जमतंय का बघू.”

“आणि गाणं?”

“ते येत नाही मला,” तो म्हणाला. “एवढ्या लोकांत तर कधीच नाही.”

आजवर ज्यांनी ज्यांनी मला कीर्तन थांबव म्हटलं, त्यांच्यातल्या एकाजवळही धड कारण नव्हतं. ह्याच्याजवळ चौथरा उडवून देईल एवढं कारण होतं.

आक्का आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पदराशी चाळा करत.

“बाय, आता तुला हातवारे सोड म्हणायला मला तोंड ऱ्हायलं न्हाई.”

“मग नका म्हणू,” मी म्हटलं.

“न्हाई म्हणत.” त्यांनी नाक ओढलं. “पर मग असं अर्ध्यावर सोडून गप्पा काय मारत बसलीस? देव आला, रागानं लाल झालाय, अजून प्रल्हादाला मांडीवर घेतला न्हाई त्यानं. लेकरू कवाचं ताटकळलंय. उभी ऱ्हा.”

गाव पुन्हा खळ्यावर बसलं. कुणीतरी घरून कंदील आणले. बंडू मुखवटा मांडीवर घेऊन माणसांत बसला आणि डेझी त्याच्या शेजारी पाय पसरून आडवी झाली. मी पदर खोचला, दादांनी सूर दिला. टाळकरी मागे उभे राहिले आणि त्यांच्या टोकाला दिगंबर, उसने टाळ घेऊन, आता कुठलंही काम नसताना.

मी धृपद धरलं. तो पुन्हा मागे पडला. दादांनी पेटीवरून मान वर केली, कपाळाला आठी घालून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी लय थोडी उतरवली. दुसऱ्या आवर्तनाला त्याचा टाळ बरोबर समेवर पडला.